मेज, खण आणि कर्ता : मुंबईतील ‘इंग्रजी’ लेखनमेजाचा प्रश्न

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने ‘पुरावस्तू’ ठरवण्यासाठी वयाच्या दोन मर्यादा घातल्या आहेत. हस्तकौशल्याच्या वस्तूला किमान शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यविषयक मूल्य असलेल्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. म्हणजे एखादे मेज घडले त्याच वर्षी त्यावर एखादे टिपण लिहिले गेले असेल, तर तो कागद मेजाच्या आधी पाव शतक पुरावस्तू होतो. कागद लवकर नष्ट होतो एवढाच व्यावहारिक विचार त्यामागे असावा. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने या पाव शतकापाशी थोडे थांबायला हरकत नाही. लिखिताला मान लवकर द्यायचा आणि लिखित ज्यावर घडले त्या वस्तूला उशिरा, ही सवय एकट्या कायद्याची नाही. मराठी गद्याच्या इतिहासलेखनात मुद्रणयंत्राला जागा मिळाली, शिळाछापाला मिळाली, शाळाखात्याला आणि दक्षिणा प्राइज कमिटीलाही मिळाली. पण लिहिणारा माणूस कशावर, कसा बसून, कोणाच्या देखत लिहीत होता या प्रश्नाची दखल क्वचितच घेतली गेली.

हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही, हे मुंबईच्या उपनगरातील एका बाजारात ध्यानात येते. जोगेश्वरीच्या पश्चिमेला, स्वामी विवेकानंद मार्ग आणि रिलीफ रस्ता यांच्या आसपास ओशिवऱ्याचा जो लाकडी सामानाचा बाजार पसरला आहे, तेथे ‘अँटिक इंग्लिश डेस्क’ म्हणून विकली जाणारी लेखनमेजे पुष्कळदा सागाची किंवा शिसवीची असतात. इंग्लंडमधील घरगुती लेखनमेजांचा मुख्य कच्चा माल ओक, अक्रोड आणि पुढे महोगनी हा होता. शिसवीचे ‘इंग्रजी’ मेज समोर आले की ते बहुधा हिंदुस्थानात, आणि पश्चिम किनाऱ्यावर असेल तर मुंबईतच घडले असणार, असे समजायला हरकत नाही. मग त्यातले इंग्रजी काय? घाट इंग्रजी, नाव इंग्रजी, कदाचित पहिला मालकही इंग्रज. लाकूड, हत्यार आणि हात मात्र इथले. विक्रेता त्याला इंग्रजी म्हणतो यात त्याचा दोष नाही. तशाच नावाने गिऱ्हाईक येते. पण हेच विशेषण मराठी समीक्षेने कादंबरीला, निबंधाला, लघुकथेला, सुनीताला लावले आहे, आणि तेही नेमके याच पद्धतीने: घाट पाहून, हात न पाहता.

तेव्हा आधी खुद्द इंग्लंडमधील लेखनमेज ‘इंग्रजी’ कितपत होते आणि त्याचा ‘कर्ता’ कोण होता, हे तपासून घेतलेले बरे.

इंग्रजी मेजांच्या इतिहासात जी तीन नावे सर्वतोमुखी आहेत त्यांतले पहिले टॉमस चिपेनडेल यांचे. यॉर्कशरमधील ऑटली गावचा हा सुतार १७५४ साली लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये कारखाना थाटतो आणि त्याच वर्षी ‘द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर’ हा आकृत्यांचा मोठा ग्रंथ वर्गणीदारांच्या बळावर प्रसिद्ध करतो. १७६२ मध्ये त्याची वाढवलेली तिसरी आवृत्ती निघाली. या ग्रंथाची खरी गंमत अशी की तो धनिकासाठी जितका आहे तितकाच दुसऱ्या सुतारांसाठी आहे. आकृती पाहावी, मापे घ्यावीत, आपल्या गावच्या लाकडात आपल्या गिऱ्हाइकाला परवडेल तसे घडवावे, ही मुभा ग्रंथाच्या स्वरूपातच आहे. परिणाम असा झाला की ‘चिपेनडेल’ हे एका कारागिराचे नाव न राहता एका घाटाचे नाव झाले. त्यांनी आपल्या कामावर नाव कोरले नाही. एखादे मेज खरोखर त्यांच्या कारखान्याचे आहे हे ठरवायला जुनी बिले आणि पत्रव्यवहार शोधावा लागतो. नॉस्टेल प्रायरीमधील ग्रंथालयाचे मोठे मेज त्यांचेच, हे निश्चित सांगता येते ते १७६७ च्या बिलामुळे. त्यात त्याची किंमत ७२ पौंड १० शिलिंग लावलेली आहे. जिथे बिल नाही तिथे कर्तृत्व नाही, असा हा हिशेब आहे.

उरलेल्या दोन नावांची कथा याहून विलक्षण. जॉर्ज हेपलव्हाइट यांचा आकृतिसंग्रह १७८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्यांच्या पत्नीने प्रसिद्ध केला. हेपलव्हाइट यांच्या हातची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू आज ज्ञात नाही. टॉमस शेरटन यांनी १७९१ पासून आपले ‘ड्रॉइंग बुक’ भागाभागांनी छापले. लंडनमध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना बहुधा नव्हताच. ते चित्रकलेचे धडे देत, पुस्तके लिहीत आणि १८०६ मध्ये दारिद्र्यात वारले. जगभरच्या लिलावांत ज्यांच्या नावावर मेजे विकली जातात त्या तिघांपैकी एकाची वस्तू सापडत नाही आणि दुसऱ्याने ती बहुधा घडवलीच नाही. हे ‘कर्ते’ वस्तूंचे नसून ग्रंथांचे आहेत. मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात लेखक म्हणजे व्यक्ती नव्हे तर संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांना एकत्र बांधणारे एक कार्य होय, अशी जी मांडणी केली तिचे इतके ढळढळीत उदाहरण वाङ्मयातही सहज मिळणार नाही. मात्र फूको यांच्या मांडणीत एक गोष्ट हिशेबाबाहेर राहते, आणि ती या विषयात महत्त्वाची आहे: नावाने जेव्हा असे काम केले तेव्हा ज्याच्या हाताने काम केले तो कारागीर कुठे गेला?

लँकेस्टरच्या गिलो घराण्याने काही प्रमाणात याचे उत्तर दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या पेढीचा ठसा खणाच्या वरच्या कडेवर उमटलेला दिसतो, आणि त्यांच्या कारखान्याच्या वह्या मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. त्याच वह्यांत १७९० च्या दशकात कॅप्टन डेव्हनपोर्ट नावाच्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या एका लहान मेजाची नोंद आहे. उतरते झाकण, खाली बाजूला उघडणारे खण, खोलीत कुठेही सरकवता येईल असा आटोपशीर आकार. हे मेज पुढे शंभर वर्षे ‘डेव्हनपोर्ट’ या नावाने ओळखले गेले. घडवणारा अनाम राहिला आणि मागवणाऱ्याचे नाव वस्तूला चिकटले. आश्रयदात्याच्या नावाने काव्य ओळखले जाण्याची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटू नये.

आता लाकूड. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने वसाहतींतून येणाऱ्या इमारती लाकडावरचे आयातशुल्क उठवले आणि जमैकाची महोगनी इंग्लंडच्या सुतारांच्या दारात येऊन पडली. चिपेनडेल यांचा सारा ‘इंग्रजी’ घाट या परदेशी लाकडाच्या घट्टपणावर उभा आहे. इतके बारीक कोरीव काम ओकमध्ये साधणे अवघड. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे हेअरवुड हाउसचे लासेल्स घराणे. त्यांची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखर आणि गुलामांच्या श्रमावर साचलेली होती. म्हणजे लाकूडही तिथले आणि ते विकत घेणारा पैसाही तिथला. एकोणिसाव्या शतकात ज्या झिलईने ही मेजे आरशासारखी चमकू लागली त्या झिलईतील लाख हिंदुस्थानच्या जंगलांतून जात होती. ‘अस्सल इंग्रजी मेज’ ही अशी जमैका, बार्बेडोस आणि बंगाल-बिहारच्या पदार्थांतून यॉर्कशरच्या माणसाने लंडनमध्ये जुळवलेली गोष्ट आहे. ‘अस्सल’ हा शब्द येथे जरा जपूनच वापरायला हवा.

मुंबईकडे येताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, या बेटावर उत्तम सुतारकामाची परंपरा मेजांच्या आधी जहाजांनी रुजवली. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथील गोदीत मलबारी सागाची जी जहाजे बांधली त्यांतले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात सोडले गेले आणि ते इंग्लंडमध्ये आजही पाहायला मिळते. १८१३ च्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, एका साम्राज्याने दुसऱ्या साम्राज्याकडून सही घेतली ती मुंबईच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्यांवर, ही गोष्ट लेखनसाहित्याच्या इतिहासकाराने नोंदवायला हवी. दुसरे असे, की येथे तयार होणारे लेखनाचे सामान एका जातीचे नव्हते. सुरतेहून मुंबईत आलेल्या ‘सडेली’ कामात हस्तिदंत, आबनूस, चंदन, कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांचा गठ्ठा आडवा कापत, आणि त्या चकत्यांची नक्षी पेट्यांवर बसवत. ‘बाँबे बॉक्स’ या नावाने या पेट्या जगभर गेल्या. त्यांत उतरत्या झाकणाच्या लेखनपेट्याही होत्या. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणला अठराव्या शतकापासून हस्तिदंती नक्षीची इंग्रजी घाटाची लेखनमेजे होत होती. मुंबईची स्वतःची ओळख ठरली ती मात्र काळ्या शिसवीची.

मेडोज स्ट्रीटच्या परिसरातील दुकानांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकले गेलेले हे शिसवी सामान वजनाने अवजड आणि कोरीव कामाने गच्च असे. वेलबुट्टी, पशुपक्षी, जाळीदार पाठ. रिकामी जागा म्हणून दिसायची नाही. त्याचा घाट डचांकडून आला असा समज त्या काळी प्रचलित होता. बेळगावात जन्मलेले आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीशी निगडित असलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये हिंदी कारागिरीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा युरोपीय संस्काराने देशी घाट बिघडतात ही त्यांची मुख्य चिंता होती. ही चिंता प्रामाणिक होती, पण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे: देशी कारागिराने देशीच घडवावे, त्याने इंग्रजी मेज घडवले तर तो भ्रष्ट झाला. तो ते का घडवतो, त्यात काय बदलतो, कोणता सांधा आपला वापरतो, हे प्रश्न या चौकटीत उद्भवतच नाहीत. गमतीची बाब अशी की बर्डवुड यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी मुंबईत एक इंग्रज नेमका उलट्या दिशेने चालला होता. मॅडम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर १८७९ मध्ये आलेले एडवर्ड विंब्रिज १८८० मध्ये थिऑसॉफीतून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत कलात्मक लाकडी सामानाची पेढी काढली. ‘विंब्रिज अँड कंपनी’ हे नाव आज लिलावांच्या याद्यांत आढळते. मेज करणाऱ्या मिस्त्रींची नावे त्या याद्यांत नसतात. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेला जोडून १८९१ मध्ये रे कलाकर्मशाळा उभ्या राहिल्या तेव्हाही संस्थेचे नाव एका गव्हर्नराचे होते.

इथपर्यंत झाला तो मेज घडवणाऱ्यांचा भाग. पण या मेजावर मराठी लिहिली गेली का, आणि केव्हा?

अव्वल इंग्रजीच्या आधीचे मराठी लेखन बैठकीचे होते. गादी, तक्क्या, समोर कलमदान. एक गुडघा उभा, त्यावर फळी किंवा नुसताच घडी घातलेला कागद. बोरूने आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला मोडी अक्षरे लटकवीत जायचे. हात न उचलता पळणाऱ्या या लिपीला टेकलेला कोपर फारसा लागत नाही. लिहून झालेला कागद खणात जात नाही, कापडात जातो. पेशवे दप्तराचे कागद ज्या कापडी गाठोड्यांत बांधले गेले त्यांना रुमाल म्हणतात, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ज्या पंचेचाळीस खंडांची निवड सिद्ध केली ती अशा रुमालांच्या गाठी सोडूनच. रुमाल आणि खण यांतला फरक निव्वळ सोयीचा नाही. रुमाल सोडला की सारे कागद एकदम उघडे होतात. तो सोडायला दुसऱ्याची परवानगी लागेल, किल्ली लागत नाही. शिवाय त्यातले कागद बहुतांशी एकट्याने लिहिलेले नसतात. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, ऐकणारे चार, आणि पोहोचल्यावर मोठ्याने वाचून दाखवणारा आणखी एक. बखरकार जेव्हा आपली हकीकत ‘आज्ञेवरून’ लिहिल्याचे सांगतो तेव्हा ते केवळ विनयाचे वाक्य नसते, लेखनाच्या बैठकीचे ते वर्णन असते.

मराठीतील शब्दांनीही ही उलथापालथ जपून ठेवली आहे. मूळ ग्रीकमधील कातड्याच्या अर्थाचा शब्द फारसीतून ‘दफ्तर’ म्हणून आला, राज्याचा कारभार झाला आणि शेवटी शाळकरी पोराच्या खांद्यावरची पिशवी झाला. ‘कपाट’ संस्कृतात दाराची फळी होती. दारामागे सामान ठेवायची सोय झाली तेव्हा तिलाच ते नाव गेले. ‘खुर्ची’ अरबीतून आली, ‘मेज’ फारसीतून, ‘टेबल’ इंग्रजीतून. सर्वांत बोलका शब्द मात्र ‘डेस्क’. जुन्या मराठी घरात किंवा पेढीवर डेस्क म्हणजे पायांचे टेबल नव्हे. ती जमिनीवर ठेवायची, उतरत्या झाकणाची, आत कागद-पैसे ठेवायची बुटकी पेटी. तिच्यापुढे मांडी घालून बसायचे. नाव इंग्रजी, बसणे मराठी. आयात केलेल्या घाटाचे पाय कापून तो आपल्या उंचीला आणला गेला, आणि तसे करताना कोणी त्याचा गाजावाजा केला नाही. मराठी निबंधाचे काहीसे असेच झाले आहे. पण समीक्षेने त्याचे कापलेले पाय मोजले, त्यापुढची मांडी पाहिली नाही.

पायांचे टेबल आले ते कचेरीतून. हिरवी बनात लावलेले, पितळी कुलपाचे सरकारी टेबल हे मराठी सुशिक्षिताच्या ओळखीचे पहिले इंग्रजी मेज होय, आणि ते त्याचे स्वतःचे नव्हते. इंग्लंडमध्ये नेमके उलट घडले होते. तेथे लेखनमेज आणि खाजगीपणा यांची वाढ बरोबरीने झाली. १७४० च्या ‘पॅमेला’मधील नायिका आपली पत्रे कपड्यांत शिवून लपवते, कारण तिला कुलूपबंद खण नाही, कादंबरीचे सारे नाट्य त्या नसलेल्या खणाभोवती फिरते असे म्हणता येईल. जेन ऑस्टिन यांच्या वडिलांनी १७९४ मध्ये घेतलेली उतरती लेखनपेटी १७९८ च्या ऑक्टोबरात डार्टफर्ड येथे चुकून दुसऱ्याच्या गाडीत चढली. ती वेस्ट इंडीजला निघालेल्या प्रवाशाच्या सामानाबरोबर ग्रेव्हसेंडच्या वाटेवर लागली आणि माणूस पाठवून परत आणवावी लागली. त्या पेटीत त्यांचे पैसे होते. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. खण, किल्ली आणि ‘मी’ यांचे हे नाते इंग्रजी कादंबरीच्या पोटात आहे, आणि म्हणूनच १८७० मध्ये डिकन्स वारले तेव्हा ल्यूक फिल्ड्स यांनी त्यांचे चित्र न काढता त्यांचे मेज आणि रिकामी खुर्ची काढली.

मराठीत पत्र आले ते वर्तमानपत्रात. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये छापली गेली; ती उघडी पत्रे होती, कुलपातली नव्हे. १८५७ चे बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रवासाच्या चौकटीत अनेक विधवांच्या हकीकती एकत्र करते. तिथेही गोष्ट चारचौघांत ऐकली जाते. पहिल्यांदा ‘मी’च्या कप्प्यातून बोलणारी मोठी कादंबरी हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’, आणि तो ‘मी’ एका स्त्रीचा आहे. १८९० मध्ये ‘करमणूक’मध्ये ती क्रमशः येऊ लागली तेव्हा ज्या स्त्रीचा आवाज ती उचलते तिला घरात स्वतःचा खण असण्याची शक्यता फार थोडी होती. रमाबाई रानडे यांनी १९१० च्या ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’मध्ये सांगितले आहे की त्यांच्या शिकण्यालाच घरातील वडीलधाऱ्या बायकांचा विरोध होता. अशा घरात स्त्रीचे लिहिणे हे सर्वांच्या देखतचे कृत्य होते. हरिभाऊंच्या कादंबरीतील ‘मी’ इंग्रजी घाटाचा आहे खरा, पण तो ज्या दबावाखाली बोलतो तो दबाव माजघराचा आहे. त्या ‘मी’चे सतत दुसऱ्याला साद घालणे, ‘लक्षात कोण घेतो’ असे विचारणे, हे कुलूपबंद खणाच्या मालकिणीचे बोलणे नव्हे. घाट उसना घेतल्याने कादंबरी उसनी झाली की काय, याचा निर्णय येथे, या सांध्यावर करायला हवा.

मेजाबरोबर आलेली समता हा वेगळा आणि अधिक अप्रिय प्रकार आहे. गादीवर कोणी बसायचे आणि उंबऱ्याबाहेर कोणी उभे राहायचे हे बैठकीत ठरलेले होते. खुर्ची-टेबल हे पदाला मिळते, जातीला नव्हे, असा नव्या कचेरीचा दावा. तो किती पोकळ ठरू शकतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील दोन प्रसंगांतून दिसते. शाळेत त्यांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीत आले तेव्हा टेबल मिळाले, पद मिळाले. आणि शिपाई त्या टेबलावर कागदपत्रे दुरूनच टाकत, असे चरित्रकार नोंदवतात. मेजाची रुंदी अशा वेळी लेखनाची सोय राहत नाही. विटाळाचे अंतर मोजायला ती उपयोगी पडते. मेजाचा घाट इंग्रजी होता, त्यावर चाललेला व्यवहार पूर्ण देशी होता. ‘देशी’ या शब्दाला केवळ गौरवाचा अर्थ देणाऱ्यांनी हे टेबल विसरू नये.

१९८० नंतरच्या मराठी समीक्षेत देशीयतेचा जो आग्रह धरला गेला त्याने उसन्या घाटांविषयीची भाबडी कृतज्ञता मोडून काढली, हे त्याचे श्रेय. परंतु वस्तूकडे पाहण्याची त्याची रीत अनेकदा बर्डवुड यांचीच राहिली. घाट कोठून आला हे ठरले की निकाल ठरला. त्याच्या विरोधकांनीही घाटाच्या बाजूनेच वकिली केली. इंग्रजी घाट श्रेष्ठ होता म्हणून तो घेतला, असे त्यांचे म्हणणे. दोघेही मेजाच्या दर्शनी बाजूवर बोलत राहिले. जुन्या लाकडाचा जाणकार असे करत नाही. तो कोरीव कामावर बोट फिरवून थांबत नाही. खण पूर्ण बाहेर ओढतो आणि उलटा करतो. इंग्लंडमध्ये घडलेल्या मेजाला बाहेरून महोगनी असली तरी खणाच्या बाजू आणि तळ ओक किंवा पाइनचे असतात, कारण न दिसणाऱ्या भागाला सुतार जवळचे आणि स्वस्त लाकूड वापरतो. मुंबईत त्या जागी साग येतो. खणाच्या कोपऱ्यातील पारव्याच्या शेपटासारखा सांधा हाताने कापलेला असेल तर त्याचे दात कमीअधिक असतात; यंत्राने कापलेला असेल तर सारखे. वस्तू कोठे आणि कोणी घडवली हे जिथे दाखवायचे नव्हते तिथेच कळते. मराठी कादंबरीतही कथानकाची मांडणी, प्रकरणांचे विभाजन, नायक-नायिका हा दर्शनी भाग आहे. निवेदकाने वाचकाला केलेले संबोधन, संवादातील नातेवाचक शब्द, वाक्यातील क्रियापदाची जागा, मजकूर क्रमशः छापला जात असल्याने पडलेले तुकडे, हे खणाचे तळ आहेत. एकोणिसाव्या शतकातील गद्यावर असे काम अजून पुष्कळ बाकी आहे.

स्मारके याबाबतीत फारशी मदत करत नाहीत. पुण्याच्या केसरीवाड्यात लोकमान्य टिळकांचे लेखनाचे मेज जपलेले आहे आणि ते पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच ‘गीतारहस्य’ येते. तो ग्रंथ त्या मेजावर लिहिलेला नाही. तो १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात, पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत, शाई मिळत नसल्यामुळे शिसपेन्सिलीने लिहिला गेला. सुटे कागद न देण्यामागे तुरुंगाधिकाऱ्यांचा हेतू एकही पान बाहेर जाऊ नये हा होता. लेखनाची भौतिक परिस्थिती आणि लेखनाचे स्मारक ही दोन वेगळी गोष्ट आहे, आणि समीक्षेला पहिलीशी कर्तव्य आहे.

ओशिवऱ्याच्या बाजारात येणारे सामान अनेक वाटांनी येते. बदली झालेल्या किंवा वारलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरचे सामान लिलावात काढण्याची प्रथा कंपनीच्या काळापासून होती. तिच्यातून मेजे पारशी, गुजराती, मराठी वकील-डॉक्टरांच्या घरांत गेली. पुढे साष्टीतील जुने बंगले आणि ख्रिस्ती गावठाणांतील घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या तसे हे सामान पुन्हा रस्त्यावर आले. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये शिसवी मेज मावत नाही. फुटलेल्या जहाजांतील सामानही याच गोदामांत येते. येथे ते दुरुस्त होते, आणि दुरुस्ती म्हणजे बहुधा घासणे. जुने पॉलिश रंध्याने व कागदाने उतरवले जाते, मोडलेल्या खणाचा तळ काढून प्लायवूड बसवले जाते, गंजलेले कुलूप काढून नवे पितळी लावले जाते. एका मेजाची दर्शनी बाजू आणि दुसऱ्याचे पाय जोडून तिसरे मेज तयार करण्याची कलाही येथील मिस्त्रींना अवगत आहे. आणि न्यायाने पाहिले तर शेरटन यांच्या आकृत्या पाहून काम करणाऱ्या लँकेस्टरच्या सुताराहून ते काही निराळे करत नाहीत. त्यांची नावेही कोणी लिहून ठेवत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये रिलीफ रस्त्यावरील गोदामांना मोठी आग लागली, आणि या बाजारात अशा आगी पूर्वीही लागल्या आहेत. लाकूड, लाख आणि स्पिरिट एकत्र ठेवलेल्या जागेत ते घडणारच.

मात्र आगीहून अधिक पुरावा रोजच्या घासण्यात जातो. खणाच्या आतल्या बाजूला सांडलेली शाई, पेन्सिलीने केलेली बेरीज, एखाद्या मिस्त्रीने गुजराती किंवा मोडी अंकांत घातलेली खणांची क्रमखूण, हे गिऱ्हाइकाला नको असते. ‘आतून स्वच्छ करून द्या’ असे तो सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी ते सर्व भुश्शात गेलेले असते.